संगणकावर चालणारा डीव्हीडी मेनू टीव्हीच्या प्लेअरवर का अडतो?

घरच्या चित्रफितींची डीव्हीडी करणाऱ्यांची एकच तक्रार वेगवेगळ्या रूपांत परत परत समोर येते. संगणकावर मेनू अगदी हवा तसा चालतो. तीच डिस्क टीव्हीला जोडलेल्या प्लेअरमध्ये घातली की मेनूचं चित्र येतं, पण आपण कोणत्या बटणावर आहोत तेच कळत नाही. कुणाला बटण दिसतं, पण खालचा बाण दाबला की निवड भलतीकडे जाते. कुणाच्या डिस्कवर मेनू येतच नाही, थेट पहिली चित्रफीत सुरू होते. कुणाची चित्रफीत संपली की पडदा काळा होतो आणि प्लेअर थांबून राहतो. मग माणूस मेनूचं चित्र बदलतो, सॉफ्टवेअर बदलतो, आणखी दोन-चार डिस्का खर्ची घालतो, आणि तक्रार होती तिथेच राहते.

हे सगळे दोष वरवर सारखे दिसतात, पण त्यांची मुळं वेगळी आहेत. दोष नेमका कुठल्या थरात आहे हे आधी ओळखलं, तर दुरुस्ती बहुतेक वेळा लहान असते. इथे लिहिलेलं डीव्हीडीस्टायलर (मेनूसकट डीव्हीडी तयार करणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना आणि डीव्हीडीऑथर (डिस्कची रचना बांधणारं), स्पूमक्स (मेनूवर बटणं बसवणारं), एफएफएमपेग (व्हिडिओचं रूपांतर करणारं) ही साधनं हाताने चालवणाऱ्यांना, दोघांनाही लागू पडतं. डीव्हीडीस्टायलर आतून डीव्हीडीऑथरच वापरतं, त्यामुळे त्याच्या नोंदींमध्ये दिसणाऱ्या चुका याच कुळातल्या असतात.

संगणक चुका पोटात घालतो, हे आधी लक्षात घ्या. तिथे आपण माउसने टिचकी मारतो, त्यामुळे बाणांची जुळणी चुकलेली कळत नाही. तिथे फाइल हार्ड डिस्कवरून येते, त्यामुळे डेटाचा वेग मध्येच वाढला तरी चित्र अडखळत नाही. आणि संगणकाला डीव्हीडीच्या नियमांबाहेरचे आवाजाचे आणि चित्राचे प्रकारही वाचता येतात. टीव्हीच्या प्लेअरला मात्र ठरलेल्या नियमांपलीकडचं काही येत नाही. म्हणून 'व्हीएलसीत, म्हणजे संगणकावरच्या प्लेअरमध्ये, चालतं, म्हणजे डिस्क बरोबर आहे' हा निष्कर्ष अर्धवट आहे.

मेनू तीन गोष्टींचा बनतो

पहिली गोष्ट म्हणजे मागचं चित्र. ते स्थिर दिसत असलं तरी डिस्कवर तो एमपेग-२ व्हिडिओच असतो. पाल या टीव्हीच्या चित्रपद्धतीत ७२०×५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीत ७२०×४८० आणि २९.९७ फ्रेम. बटणांवरची अक्षरं, चौकटी, छायाचित्रं हे सगळं याच चित्रात रंगवलेलं असतं, आणि प्लेअरच्या दृष्टीने त्यात बटण असं काही नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यावर अंथरलेला पातळ थर, सबपिक्चर. सबटायटल ज्या तंत्राने दिसतात त्याच तंत्राने निवडलेल्या बटणाची खूणही दिसते. या थरात प्रत्येक बिंदूला फक्त २ बिट असतात, म्हणजे एका वेळी चारच रंग, आणि 'पारदर्शक' हाही त्या चारांतला एक.

तिसरी गोष्ट म्हणजे आज्ञा: कोणतं बटण दाबल्यावर कुठे जायचं, चित्रफीत संपल्यावर काय करायचं, डिस्क घातल्याबरोबर काय सुरू करायचं.

दोष या तिन्हींपैकी कुठे आहे हे ओळखायला एक साधी चाचणी पुरते. मेनू पडद्यावर असताना, बटणाची खूण दिसत नसली तरी, रिमोटवर ओके दाबा. मग परत मेनूवर येऊन खालचा बाण एकदा दाबा आणि पुन्हा ओके दाबा. दोन्ही वेळा योग्य चित्रफिती सुरू झाल्या, तर आज्ञा आणि बटणांच्या जागा बरोबर आहेत, बिघाड फक्त रंगांच्या थरात आहे. काहीच घडलं नाही, तर बटणांची माहितीच डिस्कवर पोहोचलेली नाही. भलतीच चित्रफीत सुरू झाली, तर आज्ञा किंवा बाणांची जुळणी तपासा. ही चाचणी केल्याशिवाय मेनूचं चित्र बदलायला घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बटण आहे, पण दिसत नाही

सर्वांत जास्त वेळा येणारा दोष हाच, आणि त्याची कारणंही सर्वांत जास्त.

स्पूमक्स हाताने चालवत असाल तर आधी त्याच्या एक्सएमएल फाइलमध्ये 'फोर्स' हा गुण 'येस' ठेवला आहे का ते पाहा. तो नसेल तर प्लेअर त्या थराला साधं सबटायटल समजतो, आणि प्लेअरमध्ये सबटायटल बंद असली की बटणाची खूणही बंद. एका प्लेअरवर खूण दिसते आणि दुसऱ्यावर नाही, असं कोडं पडलं तर बहुधा हेच उत्तर असतं. सुरुवातीची वेळही शून्यावर ठेवा. थर मेनूच्या व्हिडिओची लांबी संपल्यानंतर सुरू होणार असेल, तर तो कधीच दिसणार नाही.

मग रंगांकडे वळा. बटणाची खूण असलेलं पीएनजी चित्र डोळ्यांना दोन रंगांचं दिसतं, पण कडा मऊ केलेल्या असतील तर त्यात मधल्या छटांचे डझनभर रंग असतात. चारांपेक्षा जास्त रंग सापडले की स्पूमक्स तक्रार करतो, किंवा खूण फाटकी, डागाळलेली दिसते. गिम्प या चित्र-संपादकात काम करत असाल तर ब्रशऐवजी पेन्सिल वापरा, अक्षरांच्या आणि निवडीच्या साधनांतलं अँटी-अलायझिंग आणि फेदर, म्हणजे कडा मऊ करणारे पर्याय, बंद करा. शेवटी चित्र इंडेक्स्ड मोडमध्ये (मोजक्या रंगांच्या यादीवर चालणाऱ्या) न्या, रंगांची कमाल संख्या तीन ठेवा, डिथरिंग (ठिपक्यांनी छटा मिसळणं) बंद ठेवा. पारदर्शक भाग धरून मग चारच्या आतच राहता.

इथे एक सापळा आहे. पुष्कळ जण मेनू आरामात ७६८×५७६ किंवा १०२४×५७६ अशा चौकोनी बिंदूंच्या मापात काढतात. मागच्या चित्रासाठी ते योग्यच आहे, कारण डीव्हीडीचे बिंदू चौकोनी नसतात आणि शेवटी चित्र ७२० रुंदीला दाबलं की वर्तुळ टीव्हीवर वर्तुळच दिसतं. पण खुणेचं चित्रही त्याच मापात काढून नंतर दाबलं, तर दाबताना कडांवर नव्या छटा तयार होतात आणि चार रंगांची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून मागचं चित्र आधी ७२०×५७६ ला आणा आणि खूण थेट त्या मापावर, त्याच्या वर नव्या लेयरमध्ये काढा. दाबणं टाळता येतच नसेल तर इंटरपोलेशन 'नन' ठेवून दाबा.

स्पूमक्सला तीन चित्रं देता येतात: नेहमीचं, निवडलेलं आणि दाबलेलं. तिन्हींत वेगवेगळे आकार देण्याचा मोह होतो. पण प्रत्यक्षात थरातला प्रत्येक बिंदू शून्य ते तीन यांपैकी एकाच गटात असतो, आणि बटण निवडल्यावर फक्त त्या गटाचा रंग व पारदर्शकता बदलते. स्टेन्सिल तोच राहतो, शाई बदलते. तिन्ही स्थितींत आकार फार वेगळे असतील तर त्यांच्या जोड्या चार गटांत बसत नाहीत. सगळ्यांत भरवशाची मांडणी अशी: नेहमीचं चित्र पूर्ण पारदर्शक, निवडलेल्या स्थितीत एक गडद रंग, दाबलेल्या स्थितीत अगदी त्याच आकाराला दुसरा रंग. बटणाखाली जाडसर रेघ किंवा शेजारी एक ठिपका एवढंच ठेवलं तरी ते बटणाभोवतीच्या नक्षीपेक्षा टीव्हीवर जास्त स्पष्ट दिसतं.

रेघ जाडसर का? एक बिंदू उंचीची आडवी रेघ इंटरलेस्ड चित्रात, म्हणजे सम आणि विषम ओळी आळीपाळीने दाखवणाऱ्या चित्रात, एकाच फील्डमध्ये (ओळींच्या एकाच संचात) येते आणि टीव्हीवर लुकलुकते. किमान दोन, शक्यतो चार ओळींची रेघ घ्या. याच कारणाने बटणाच्या चौकटीचे वरचे-खालचे अंक, म्हणजे वाय दिशेचे अंक, सम असावेत. विषम असले तर डीव्हीडीऑथर तसा इशाराही देतं. तो इशारा किरकोळ वाटतो, पण काही प्लेअरवर खूण अर्धवट दिसण्याचं मूळ तिथेच असतं.

ओके दाबूनही काहीच घडत नसेल, तर कामाचा क्रम तपासा. स्पूमक्स बटणांच्या जागा आणि रंगांची यादी व्हिडिओच्या प्रवाहातच एका खास पुडक्यात लिहून ठेवतो, आणि डीव्हीडीऑथर ती तिथून उचलतं. स्पूमक्स झाल्यानंतर ती फाइल पुन्हा एफएफएमपेगमधून काढली, मग ती आवाज जोडण्यासाठी असो, लांबी कापण्यासाठी असो किंवा नुसती नव्याने बांधण्यासाठी, तर ते पुडकं गळून पडतं. मेनू दिसत राहतो आणि बटणं नाहीशी होतात. आधी चित्र आणि आवाज एकत्र करा, मग स्पूमक्स चालवा, आणि त्यानंतर ती फाइल थेट डीव्हीडीऑथरकडेच द्या.

डीव्हीडीस्टायलरमध्ये हा थर आपोआप तयार होतो, त्यामुळे यातल्या पुष्कळ अडचणी मुळात येतच नाहीत. तिथे दोष असला तर तो बहुधा रंगनिवडीचा असतो: निवडलेल्या स्थितीचा रंग नेहमीच्या रंगाशी किंवा मागच्या चित्राशी इतका जवळचा असतो की जुन्या टीव्हीवर फरकच कळत नाही. बटणाच्या गुणधर्मांत जाऊन तो रंग ठसठशीत वेगळा करा.

खूण दिसते, पण बटणापासून सरकलेली

मेनू १६:९ आणि प्लेअरची मांडणी ४:३ लेटरबॉक्स अशी जोडी जमली की हे होतं. प्लेअर मागचं चित्र वरून-खालून दाबतो आणि काळ्या पट्ट्या घालतो, पण सबपिक्चरचा थर त्याच्याबरोबर आपोआप दबत नाही. नियमानुसार अशा मेनूसाठी रुंद पडद्याचा एक आणि लेटरबॉक्सचा एक असे वेगळे थर द्यावे लागतात, हवा असेल तर पॅन-स्कॅनचा (कडा कापून पडदाभर दाखवण्याचा) तिसरा. त्याची किंमतही मोजावी लागते. एका मेनूत जास्तीत जास्त ३६ बटणं मावतात, दोन थर दिले तर १८ आणि तीन दिले तर १२.

खात्री करायची असेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार १६:९ करा. खूण जागेवर आली तर निदान पक्कं. तुमच्या घरापुरती डिस्क असेल तर तेवढ्यावर थांबता येईल. पण डिस्क वाटायची असेल तर मी मेनू सरळ ४:३ मध्ये करते आणि चित्रफिती १६:९ ठेवते. मेनूचं आणि चित्रफितीचं गुणोत्तर वेगवेगळं ठेवायला डीव्हीडीच्या नियमांत पूर्ण मुभा आहे.

गुणोत्तराचा आणखी एक प्रश्न इथेच सांगते. जुन्या टेपवरून उतरवलेलं ४:३ चित्रण आणि फोनवरचं १६:९ चित्रण एकाच डिस्कवर घ्यायचं असेल, तर दोन्ही एकाच टायटलसेटमध्ये (चित्रफिती आणि त्यांचे मेनू यांच्या गटात) टाकू नका. एका टायटलसेटमधल्या सगळ्या चित्रफितींना चित्राचे गुणधर्म एकच लागू होतात. मिसळल्या तर कुणाचे तरी चेहरे ताणलेले किंवा चेपलेले दिसणारच. दोन टायटलसेट करा.

बाण भलतीकडे नेतो

प्रत्येक बटणाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे शेजारी कोण हे ठरवून द्यावं लागतं. सॉफ्टवेअर ते आपोआप ठरवतं, आणि बटणं एका सरळ ओळीत असतील तर बरोबरही ठरवतं. बटणं तिरपी, पायऱ्यांसारखी किंवा वर्तुळात मांडली की अंदाज चुकतो. बटणांच्या चौकटी एकमेकींवर चढलेल्या असतील तर आणखी गोंधळ होतो, कारण अक्षरं लांब-लांब दिसत असली तरी त्यांच्याभोवतीची न दिसणारी चौकट मोठी असू शकते.

उपाय सरळ आहे. चौकटी वेगळ्या करा आणि चारही दिशा हाताने भरा. शेवटच्या बटणावरून खाली गेल्यावर पहिल्यावर यावं, असंही तिथेच ठरवता येतं. मग व्हीएलसीत माउसला हात न लावता फक्त कीबोर्डच्या बाणांनी आणि एंटरने सगळा मेनू फिरून पाहा.

उड्या: कुठून कुठे जाता येतं

डीव्हीडीच्या रचनेत दोन पातळ्या आहेत. वर डिस्कचा मुख्य मेनू, ज्याला डीव्हीडीऑथर व्हीएमजीएम म्हणतं, आणि खाली एक किंवा अनेक टायटलसेट, प्रत्येकाचे स्वतःचे मेनू आणि स्वतःच्या चित्रफिती. वाटेल तिथून वाटेल तिथे जाता येत नाही, आणि आज्ञांतले जवळजवळ सगळे दोष या एकाच गोष्टीतून निघतात.

मुख्य मेनूतून कोणत्याही टायटलसेटच्या चित्रफितीच्या सुरुवातीला जाता येतं, पण तिच्या मधल्या प्रकरणावर (चॅप्टरवर) थेट जाता येत नाही. प्रकरणावर उडी मारण्याची आज्ञा फक्त त्या टायटलसेटच्या आतून चालते. म्हणून प्रसंगांची निवड देणारा मेनू मुख्य पातळीवर नको, त्या-त्या टायटलसेटमध्ये करा. तसंच एका टायटलसेटच्या मेनूतून दुसऱ्या टायटलसेटच्या चित्रफितीवर थेट जाता येत नाही, आधी मुख्य मेनूच्या पातळीवर चढावं लागतं. आणि चित्रफितीतून मेनूकडे परतायचं तर 'जम्प' चालत नाही, 'कॉल' लागतो.

डीव्हीडीऑथरमध्ये 'जम्पपॅड' नावाचा पर्याय आहे, डीव्हीडीस्टायलरच्या डिस्कच्या गुणधर्मांतही तो सापडतो. तो चालू केला की मधल्या लपलेल्या पायऱ्या आपोआप बांधल्या जातात आणि आपल्याला थेट उडी लिहिता येते. दोन-तीन टायटलसेट असलेल्या घरगुती डिस्कसाठी तो वापरायला काहीच हरकत नाही. फार फाटे असलेल्या डिस्कसाठी मात्र मी उड्या हाताने लिहिते, कारण काही बिघडलं तर नेमकं कुठे ते वाचून कळतं.

हाताने लिहिताना रजिस्टर, म्हणजे आकडा लक्षात ठेवायचे प्लेअरमधले छोटे कप्पे, लागतात. प्लेअरकडे आपल्यासाठी १६ साधी रजिस्टर असतात. डीव्हीडीऑथर त्यातली शेवटची तीन स्वतःच्या कामाला घेतं, म्हणून जी० ते जी१२ एवढीच वापरा. नेहमीची पद्धत अशी: मुख्य मेनूतलं बटण जी० मध्ये ३ ठेवतं आणि टायटलसेटच्या मेनूकडे उडी मारतं, आणि त्या मेनूची 'प्री' आज्ञा (मेनू दिसण्याआधी चालणारी) जी० पाहून तिसऱ्या प्रकरणाकडे नेते. प्रकरणाकडे उडी मारण्याआधी त्या 'प्री' आज्ञेत जी० पुन्हा शून्य करायला मात्र विसरू नका. ते राहिलं तर प्रेक्षकाने चित्रफितीच्या मध्ये मेनूचं बटण दाबलं की मेनूऐवजी पुन्हा तिसरं प्रकरणच सुरू होतं. 'मेनूवर जाताच येत नाही, चित्रफीत मागे जाऊन परत तिथूनच सुरू होते' अशी तक्रार आली की आधी हे तपासावं.

'सगळं सलग दाखवा' या बटणाचंही तसंच आहे. त्यासाठी एका रजिस्टरमध्ये १ ठेवतात आणि प्रत्येक चित्रफितीच्या 'पोस्ट' आज्ञेत (ती संपल्यावर चालणाऱ्या), १ असेल तर पुढची चित्रफीत, नसेल तर मेनू, असं लिहितात. प्रेक्षक अर्ध्यावर मेनूत परतला आणि एकच चित्रफीत निवडली, तरी तो १ तसाच राहिलेला असतो, आणि ती संपल्यावर पुढचीही लागते. उपाय म्हणजे मेनूच्या 'प्री' आज्ञेत ते रजिस्टर दर वेळी शून्य करणं.

चित्रफीत संपल्यावर काळा पडदा येत असेल तर 'पोस्ट' आज्ञा रिकामी आहे. तिथे मेनूचा 'कॉल' लिहा. डिस्क घातल्यावर मेनू न येता थेट चित्रफीत लागत असेल, तर 'फर्स्ट प्ले' म्हणजे अगदी पहिली आज्ञा तपासा. ती सॉफ्टवेअरवर न सोडता स्वतः लिहावी: रजिस्टर शून्य करा, मग मुख्य मेनूवर उडी.

रिमोटवर दोन वेगळी बटणं असतात, 'टायटल' किंवा 'टॉप मेनू' आणि नुसतं 'मेनू'. पहिलं मुख्य मेनूकडे नेतं, दुसरं चालू टायटलसेटच्या रूट (मूळ) मेनूकडे. तुम्ही फक्त मुख्य मेनूच केला असेल तर दुसरं बटण दाबल्यावर प्लेअर नकाराची खूण दाखवतो आणि प्रेक्षकाला डिस्क बिघडलेली वाटते. टायटलसेटमध्ये एक रिकामा रूट मेनू ठेवा, जो लगेच मुख्य मेनूकडे पाठवतो. एवढ्याने दोन्ही बटणं कामाला येतात. प्रेक्षकाचं बोट कुठल्या बटणावर जाईल ते आपल्या हातात नसतं, म्हणून हे मी कुठल्याही डिस्कवर टाळत नाही.

डीव्हीडीऑथर मध्येच थांबतं

'नो व्हीओबीयूज फाउंड' असा संदेश आला तर दिलेली एमपेग फाइल डीव्हीडीच्या पद्धतीने बांधलेली नाही. साध्या एमपेग फाइलमध्ये नॅव्हिगेशनची पुडकी नसतात. एफएफएमपेगमध्ये 'पाल-डीव्हीडी' किंवा 'एनटीएससी-डीव्हीडी' हे ठरलेलं लक्ष्य वापरलं की फ्रेमचं माप, १५ किंवा १८ फ्रेमचे गट, ४८ किलोहर्ट्झचा एसी-३ आवाज आणि ही पुडकी, सगळं योग्य येतं. पाल की एनटीएससी ते स्पष्ट सांगा, असा संदेश आला तर व्हिडिओ फॉरमॅटचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (साधनाला बाहेरून दिलेली सेटिंग) भरलेला नाही. तो भरा, आणि मेनू व चित्रफिती एकाच पद्धतीच्या आहेत ना ते पाहा.

आवाजात एएसी किंवा एमपी-३ चालत नाही. मेनूला आवाज नको असला तरी शांततेचा एक एसी-३ ट्रॅक जोडाच, काही प्लेअर आवाजाविना मेनूवर अडकतात. चित्र मध्येच थबकत असेल तर बिटरेटची (डेटाच्या वेगाची) टोकं खाली आणा. नियमाने व्हिडिओची मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट आणि सगळं मिळून १०.०८ आहे, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर मी कमाल ८ च्या वर जात नाही. एका थराच्या (सिंगल लेयर) डिस्कवर दोन तास बसवायचे तर सरासरी ५ च्या आसपासच ठेवावी लागते.

फोल्डर बरोबर, पण डिस्क ओळखली जात नाही

डीव्हीडीऑथर तयार करतं ते 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर. त्यात आयएफओ (रचना आणि आज्ञांच्या), त्यांच्या प्रती असलेल्या बीयूपी आणि प्रत्येकी १ जीबीपर्यंतच्या व्हीओबी (चित्र-आवाजाच्या) फाइली असतात. हे फोल्डर ओढून साध्या डेटा डिस्कसारखं लिहिलं, तर संगणक ती आनंदाने वाचतो आणि टीव्हीचा प्लेअर नाकारतो. प्लेअरला फाइली ठरलेल्या क्रमाने आणि यूडीएफ व आयएसओ ९६६० (डिस्कवर फाइली मांडण्याच्या दोन पद्धती) अशा दुहेरी रचनेत लागतात. एमकेआयएसओएफएस (डिस्कची प्रतिमा बनवणारं साधन) वापरत असाल तर 'डीव्हीडी-व्हिडिओ' हा पर्याय द्या, आणि मार्ग त्या फोल्डरचा न देता त्याला पोटात ठेवणाऱ्या वरच्या फोल्डरचा द्या. हा मार्ग चुकला की फाइली थेट मुळाशी पडतात. विंडोजवर इमेजबर्न या बर्न करणाऱ्या सॉफ्टवेअरला हे फोल्डर दिलं की तो योग्य रचना स्वतः बांधतो. 'ऑडिओ टीएस' नावाचं रिकामं फोल्डरही शेजारी ठेवा, काही जुने प्लेअर ते शोधतात.

डिस्क फायनलाइझ (लेखन बंद करून पक्की) झालीच पाहिजे. वर ४.७ जीबी असं छापलेल्या डिस्कवर संगणकाच्या मोजणीने साधारण ४.३७ जीबीच मावतं, आणि अगदी काठापर्यंत भरू नये, कारण बाहेरच्या काठावर वाचनाच्या चुका जास्त होतात. शेवटची चित्रफीत तेवढी अडखळते अशी तक्रार असेल तर दोष एन्कोडिंगमध्ये शोधण्याआधी तीच चित्रफीत फोल्डरमधून चालवून पाहा. तिथे नीट चालली तर दोष डिस्कचा. आणि डीव्हीडी प्लस आर वापरत असाल, जुना प्लेअर ती ओळखत नसेल, तर बर्नर परवानगी देत असल्यास बुकटाइप (डिस्कवर नोंदलेली तिच्या प्रकाराची ओळख) डीव्हीडी-रॉम करून पाहा. डीव्हीडी मायनस आरवर हे करता येत नाही, पण फार जुन्या प्लेअरशी तिचं सहसा जास्त जमतं.

बर्न करण्याआधीची चाचणी

पहिली चाचणी फोल्डरवर घ्या. व्हीएलसीत ते डिस्क म्हणून उघडा. आतली व्हीओबी फाइल उघडली तर मेनू वगळलाच जातो आणि 'मेनू आलाच नाही' अशी खोटी तक्रार तयार होते. बाणांनी प्रत्येक बटणावर जा. प्रत्येक चित्रफीत शेवटापर्यंत न बघता तिच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटावर जा आणि संपल्यावर काय होतं ते पाहा. मध्येच मेनूत परता, दुसरी निवडा, पुन्हा परता. विसरलेली रजिस्टर याच फेऱ्यांत सापडतात.

दुसरी चाचणी पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर, खऱ्या प्लेअरमध्ये घ्या. आरडब्ल्यू डिस्क काही जुने प्लेअर मुळातच वाचत नाहीत, म्हणून तिथे डिस्क नाकारली गेली तर लगेच मेनूला दोष देऊ नका. आधी दुसऱ्या प्लेअरमध्ये घालून पाहा. तिथे सगळं जुळलं की आयएसओ प्रतिमा (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) करून ठेवा, चांगल्या डिस्कवर मध्यम वेगाने बर्न करा आणि बर्नच्या शेवटी पडताळणी चालू ठेवा. प्रकल्पाची फाइल, एक्सएमएल आणि खुणांची मूळ चित्रं त्या आयएसओशेजारीच जपून ठेवा. वर्षभराने कुणी आणखी एक चित्रफीत जोडायला सांगितली, तर आयएसओवरून ते काम होत नाही, या फाइलींवरून होतं.